आयलो गो, पानी दे

आमच्या ठाकूरद्वारच्या घरात नाटक ही पाहायची गोष्ट होती. इस्त्रीचं पातळ नेसून जायचं, मध्यंतरात सोडा प्यायचा आणि घरी येताना नायिकेच्या उच्चारांना नावं ठेवायची. नाटक करायचं नसतं. माहेरी परत आलेल्या विधवा मुलीने तर नाहीच नाही. मी लालबागला तालमींना जाते हे दादाला कळलं तेव्हा हातातला घास ताटात ठेवून तो म्हणाला, "गिरणीतल्या लोकांबरोबर?" मी म्हटलं, "माणसांबरोबर." वहिनी घाईघाईने म्हणाली, "आमटी निवतेय." आमच्या घरात कुठलंही भांडण आमटीपाशी येऊन थांबायचं. त्या दिवशी थांबलं नाही. दादा अर्ध्या जेवणावरून उठून गेला आणि मी मात्र हट्टाने दोनदा भात घेतला.

मी तेव्हा पंचविशीचीही नव्हते. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा विषमज्वराने गेला. त्याचा चेहराही मला धड आठवेनासा झाला होता. हे तेव्हा बोलले असते तर घरच्यांनी माझी जीभ हासडली असती. त्याला नेल्यावर काकू आली, माझे हात धरले आणि पाटाच्या कडेवर आपटून बांगड्या फोडल्या. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. शेंगा फोडाव्यात तशा फोडल्या. एक काच मनगटात रुतली, तिचा वण अजून आहे. मग मी माहेरी आले, परळच्या एका शाळेत शिकवायला लागले, आणि घरात हळदीकुंकू असलं की माळ्यावर जाऊन मुलींच्या वह्या तपासायच्या हेही शिकले.

ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं. फाउंटनच्या गोळीबाराला वर्ष उलटलं होतं, पण परळ-लालबाग काही शांत झालं नव्हतं. रोज कुठे ना कुठे सभा, भिंतीभिंतीवर डांबराने लिहिलेल्या घोषणा. आमच्या शाळेतल्या आम्ही काही जणी एकदा मोर्चात गेलो. तिथे "झालाच पाहिजे"ला मी अशी काही बोंब ठोकली की पुढच्या रांगेतला एक माणूस वळून बघायलाच लागला. वाढलेली दाढी, केसांत कापसाचे तंतू.

"बाईनु," तो म्हणाला, "नाटकात काम करशात काय?"

मला वाटलं, चेष्टा करतोय मेला. मी त्याला चार शब्द सुनावले. तो ऐकून घेत राहिला, आणि माझं संपल्यावर म्हणाला, "ह्योच आवाज होयो."

तो गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा. सगळे त्याला साचेवालाच म्हणायचे. त्याचा धाकटा भाऊ फाउंटनला गोळी लागून गेला होता. भाऊ गेल्यावर हा कितीतरी दिवस कुणाशी बोलला नाही, आणि मग त्याने बसून एक नाटक लिहिलं. लढ्याचं नाटक असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तसलं काही त्यात नव्हतं. कोकणातल्या एका बंदरावर लाँचची वाट बघत अडकलेली चार माणसं, एवढंच. एक शाळामास्तरीण, एक म्हातारी आत्या, एक रजेवरचा शिपाई आणि एक बाई, जिचा नवरा त्या लाँचने यायचा आहे. लाँच येत नाही. ओळख ना देख, चौघं एका चुलीवर शिजवून खायला लागतात. शेवटी लाँच येते, पण तिचा नवरा उतरत नाही. तो कधीच येणार नसतो. ती आपल्या बांगड्या उतरवून धक्क्यावर ठेवते. बाकीचे तिघं आपापली गाठोडी उचलतात, लाँचकडे बघतात, आणि गाठोडी परत खाली ठेवून तिच्याशेजारी बसतात. पडदा.

मास्तरीण मी. शिपाई साचेवाला स्वतः. म्हातारी आत्या करायला त्याने गिरगावातून एक म्हातारा नट शोधून आणला होता. हा माणूस उभी हयात फिरत्या कंपन्यांमधून बायकांची कामं करत हिंडला. कंपन्या बुडाल्या, बायका स्वतःच कामं करायला लागल्या, आणि हा कुणाच्या तरी जिन्याखाली वळकटी टाकून राहायला लागला. मागेपुढे कोणी नाही. त्याला वाटलं होतं, आपल्याला नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईचं काम मिळणार. साचेवाला म्हणाला, "दात खंय आसत तुमचे?" तर म्हातारा फुरंगटून दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, तो आत्याच्या चालीतच जिना चढून. तेव्हापासून आम्ही त्याला आत्याच म्हणायला लागलो, आणि तोही "ओ" द्यायला लागला.

वाट बघणारी बाई साचेवाल्याला मासळीच्या बाजारात सापडली. ती वरळीच्या कोळीवाड्यातली. पाटी घेऊन लालबागला बसायची आणि गिऱ्हाइकाशी भांडायला लागली की पलीकडच्या चाळीत ऐकू जायचं. आम्हाला माईक परवडणारा नव्हता. त्याने तिला विचारलं, आणि ती का कुणास ठाऊक, हो म्हणाली. ती यायच्या आधी साचेवाल्याने आम्हा दोघांना बसवून सांगितलं. दिवाळीनंतरच्या वादळात कोळीवाड्याच्या होड्या परतल्या, हिच्या नवऱ्याची परतली नाही. ना होडीची फळी मिळाली, ना माणूस. घरचे म्हणतात तो गेला. ही म्हणते, येईल. तिकडे सगळ्या बायका तिच्या कपाळाकडे बघतात, म्हणून ती तिकडचा बाजार सोडून इथे येऊन बसते, इथे तिला कोणी ओळखत नाही.

"तिका कोणी कायएक विचारूचा नाय," साचेवाला म्हणाला.

हाच आमचा नियम झाला. तिलाच नाही, कुणालाच काही विचारायचं नाही. आत्याला विचारायचं नाही, की बाबा, तू जेवलास कुठे. मला विचारायचं नाही की घरी काय सांगून आलीस. साचेवाल्यापुढे फाउंटनचं नाव काढायचं नाही. उगाच नाही मला तिथे जावंसं वाटायचं. ठाकूरद्वारला मला दिवसातून दहादा विचारायचे आणि दहाही वेळा उत्तर त्यांचंच असायचं.

तालमीची खोली एका व्यायामशाळेच्या वरची. तळमजल्यावर मिरच्या कुटायचे डंख, म्हणजे यंत्रावरची उखळं. ते सुरू झाले की तिखटाचा खकाणा जिन्यातून वर यायचा आणि आम्ही चौघं खोकून खोकून लाल. खोटं रडायची आम्हाला कधी गरजच पडली नाही.

कपडेपट माझ्याकडे होता. पहिल्याच आठवड्यात मी गिरगावातून हिरव्या बांगड्या आणल्या आणि तिला म्हटलं, "हात कर पुढे." तिच्या डाव्या हातात भरगच्च हिरव्या बांगड्या होत्या, उजवा हात पार मोकळा. मला वाटलं, मासळी कापताना फुटल्या असतील, भरायला वेळ मिळाला नसेल. मी उजवा हात धरला आणि पहिली बांगडी बोटांवरून सरकवली. तिने हात असा झटकला की बांगडी भिंतीवर जाऊन फुटली.

"त्या हाताला नाय!" ती ओरडली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या हाताच्या लग्नात दर्याला दिल्यान."

त्यांच्यात तशी रीत होती. लग्न झालं की नवरी उजव्या हातातल्या बांगड्या समुद्राला वाहायची. एका हाताचं सौभाग्य दर्याकडे ठेवायचं, म्हणजे त्याने दुसऱ्या हाताचं राखायचं. पुन्हा त्या हातात काच घालायची म्हणजे दिलेलं परत मागायचं. तिने हे मला सरळ सांगितलं, आणि माझी मात्र भिंतीजवळच्या काचा वेचताना मान वर होईना.

पण खरी पंचाईत पुढेच होती. शेवटच्या प्रवेशाची तालीम आली. साचेवाला म्हणाला, "आता बांगड्यो काढ." ती नुसती उभी.

"खोट्या घाल वरून," मी म्हटलं. "त्या काढ. तुझ्या तशाच ठेव."

"खोट्या पन नाय."

"अगं, नाटक आहे हे!"

"मना म्हाईत हाय नाटक हाय. माजा दादला हाय अजून. मी नाय काढाची."

मी भडकले. मला काय झालं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. माझ्या बांगड्या पाटावर आपटल्या गेल्या तेव्हा मला तोंड उघडायची सोय नव्हती, आणि ही बया नाटकातल्या खोट्या बांगड्यासुद्धा उतरवायला नाही म्हणते! हेवा वाटला मला तिचा, सरळ हेवा. मी पिशवी उचलून चालती झाले आणि ट्राममध्ये बसून ठाकूरद्वारपर्यंत रडले. कंडक्टरने तिकीटसुद्धा मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेले तर साचेवाल्याने शेवट बदलून आणला होता. आता लाँच येते आणि तिचा नवरा उतरतो. आत पडद्याआडून हाक येते, ती वळते, तो येतो, ती त्याला पाण्याचा पेला देते, तो पितो. पडदा.

"मग आम्ही तिघं कशाला आहोत नाटकात?" मी विचारलं. "लाँच पकडून गेलो असतो घरी."

साचेवाल्याने विडी विझवली. "माका माझ्या भावाचा तोंड तरी बघूक मिळाला, बाईनु," तो म्हणाला. "तिका ता पण नाय. नाटकात तरी येऊ दे तेका."

कपाळ! नाटकाचा पार बट्ट्याबोळ झाला होता आणि कुणालाच नको म्हणता येत नव्हतं.

नवऱ्याचं काम साचेवाल्यानेच घेतलं, शिपायाला लाँच बघायला म्हणून आधीच आत धाडलं. पहिल्या दिवशी त्याने आतून मालवणीत हाक मारली, "इलंय गो!" ती वळलीच नाही. "माजा असा नाय बोलत," ती म्हणाली. मग तिने शिकवलं. होडी लागली की तो कसा किनाऱ्यावरूनच ओरडत येतो, घसा कसा मिठाने सुकलेला असतो. "आयलो गो, पानी दे!" असं. "गो" लांबवायचा. साचेवाल्याने कितीदा म्हटलं, तिने कितीदा नाही म्हटलं. आणि एकदा ते बरोबर जमलं. मी तिच्या समोर उभी होते. तिचा चेहरा जो काही झाला तो मी कुठल्या नटीच्या चेहऱ्यावर पाहिला नाही, आणि दादाबरोबर खुर्चीत बसून मी पुष्कळ नट्या पाहिल्या होत्या.

नाटक पाडव्याला व्हायचं होतं. पण निवडणूक आली, आमचे पडदेवाले, दिवेवाले सगळे भोंगे घेऊन प्रचाराला गेले आणि नाटक पुढे ढकललं. मग कुणाची गिरणीतली पाळी बदलली, मग पावसाळा तोंडावर आला. आम्ही तालमी मात्र थांबवल्या नाहीत. खरं सांगू? तालमीची तेवढी गरज नव्हती. सगळ्यांना सगळं पाठ होतं. पण रोज संध्याकाळी पाटी रिकामी करून ती जिना चढून यायची, पदराने तोंड पुसायची, आम्ही भराभर सुरुवातीचे प्रवेश उरकायचो, आणि शेवटी आतून हाक यायची, "आयलो गो, पानी दे." रोज तिचा नवरा घरी यायचा. ती माठातून पेला भरून द्यायची आणि साचेवाला शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा. तहान असो नसो. मग ती पाटी उचलून निमूट वरळीला जायची. आत्या तेवढ्यापुरता भिंतीकडे तोंड करून बसायचा. "धूर फार आहे हो," म्हणायचा. डंख बंद असले तरी म्हणायचा.

श्रावण लागला, तेव्हा एक दिवस दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. कमरेत वाकलेली, कपाळ मोकळं, हातात काही नाही. ती तिची सासू होती. सुनेला न्यायला आली होती. नारळी पौर्णिमा जवळ आली होती. दर्याला नारळ वाहायचा, होड्या पाण्यात घालायच्या, आणि त्याआधी म्हातारीला दर्भाचा पुतळा करून मुलाचे दिवस घालायचे होते. सून राजी नव्हती. तिच्या हातात बांगड्या असताना ते होणार कसं?

मला वाटलं, आता इथे आरडाओरडा होणार. मी पदर खोचून तयारच होते, म्हातारी हात तर लावू दे तिला, बघतेच. पण साचेवाला म्हणाला, "बस गे आये. तालीम बघ, मग घेवन जा." म्हातारी दाराशी बसली. आम्ही सुरू केलं. माझी वाक्यं चुकली, आत्याचीही चुकली. आणि शेवटी आतून ती हाक आली.

म्हातारी ताडकन उठली. वाकलेली बाई अशी उठू शकते हे मला माहीत नव्हतं. साचेवाला बाहेर आला, सुनेने पाणी दिलं, तो प्यायला. म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. तो तिचा मुलगा नव्हता हे तिला दिसत होतंच की. आंधळी थोडीच होती ती.

"परत एकदा कर रे बाबा," ती म्हणाली.

साचेवाला आमच्याकडे बघायला लागला. मग आत गेला. परत हाक मारली. सून माठाकडे वळली, तर म्हातारी म्हणाली, "थांब गो. मना देऊ दे." तिने पेला भरला, अर्धं पाणी सांडलं, आणि साचेवाल्याच्या तोंडाला लावला. त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तो पाणी पीत होता की रडत होता मला कळेना, दोन्ही करत असावा. आणि मग म्हातारी सुनेकडे वळली.

"नाटकात रोज पाजतेस त्याला," ती म्हणाली. "माजा पोर तिथं तान्हेला हाय. मना खरा पानी देऊ दे त्याला. देऊ दे गो बाय."

ती तिची विनवणी होती, धमकी नव्हती. धमकी असती तर मी परतवून लावली असती. दोघी एकामागोमाग जिना उतरून गेल्या. आत्या म्हणाला, "आता नाही यायची ही." पण दुसऱ्या दिवशी ती आली, तशीच, डाव्या हातात बांगड्या घेऊन. नारळी पौर्णिमाही तशीच गेली. त्या वर्षी म्हातारीने दर्याला नारळ वाहिला नाही, असं नंतर कळलं. आमची हाक यायची, ती वळायची. फक्त आता लगेच वळायची नाही.

गणपतीत लालबागच्या एका गल्लीत फळ्या टाकून रंगमंच बांधला. आरती झाली, माणसं सतरंज्यांवर बसली, गॅलऱ्या भरल्या. वरळीहून कोळीवाड्याचीही माणसं आली होती. पुढेच म्हातारी बसली होती. दादा येईल अशी मला उगाच आशा होती. तो आला नाही. वहिनी आली, एकटी, डोक्यावरून पदर घेऊन. मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, पण तिने त्या दिवशी माझ्यावर फार उपकार केले.

नाटक चांगलं चाललं. आत्याला टाळ्या पडल्या, तो टाळीगणिक दहा वर्षांनी तरुण होत गेला. शेवटचा प्रवेश आला. लाँचचा भोंगा वाजला, आम्ही गाठोडी उचलली. तिने पेला भरून हातात घेतला आणि आम्ही तिघं हाकेची वाट बघत उभे राहिलो. तिघं म्हणजे मी, आत्या आणि ती. साचेवाला आत.

हाक आली नाही.

मी मनात म्हटलं, झोपला की काय मेला! आत्याने एक वाक्य पदरचं घातलं, "लाँच लागली वाटतं." तरी नाही. मी विंगेत बघितलं तर साचेवाला तिथेच उभा होता, जागा, दोन्ही हातांनी तोंड दाबून. तिने त्याला रंग लावून घेताना सांगून ठेवलं होतं, आज हाक मारू नको म्हणून. आम्हा दोघांना काही माहीत नव्हतं.

ती रंगमंचाच्या पुढच्या कडेपर्यंत चालत गेली. म्हातारी खाली समोरच होती. सुनेने पेला तिरका केला आणि हाताच्या बोटांवरून पाणी सावकाश खाली सोडलं. मेलेल्या माणसाला सोडतात तसं. सगळं पाणी संपेपर्यंत सोडलं. मग पेला ठेवला, आणि डाव्या हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवायला लागली. त्या हातावर घट्ट बसल्या होत्या, निघेनात. तिने फोडल्या नाहीत. उतरवल्या. हाताला ओरखडे पडले तरी एकेक उतरवून फळीवर ठेवली.

खालून म्हातारीचा हंबरडा आला.

मला माझी वाक्यं आठवेनात. खरं तर नव्या शेवटात मला वाक्यच नव्हतं. आत्याने गाठोडं खाली ठेवलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसला. तेव्हा मला आठवलं, हा जुना शेवट आहे, आणि मीही बसले. आतून साचेवाला आला, शिपायाच्या कपड्यात, आणि बसला. पडदेवाल्याला काय करायचं ते कळेना, म्हणून आम्ही कितीतरी वेळ तसेच बसून राहिलो. माझा हात तिच्या हाताखाली होता. तिची बोटं ओली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीवाड्यात दर्भाचा पुतळा झाला, म्हातारीने मुलाला पाणी दिलं. आम्ही तिघंही गेलो होतो. आमचं तिथे नातं काय, असं कुणीतरी विचारलंच. म्हातारी म्हणाली, "ती माजी मानसा हायेत." मग सून मला घेऊन किनाऱ्यावर गेली. बांगड्या तिने पदरात बांधून आणल्या होत्या. त्यांच्यातल्या जाणत्या बायका मागे उभ्या होत्या, अशा वेळी जवळ उभं राहायचा मान त्यांचा होता. पण तिने मलाच बोलावलं.

"तुज्या फोरल्या तवा तुज्याजवल कोन व्हता?" तिने विचारलं. आमचा नियम तिने पहिल्यांदा मोडला.

"कोणी नव्हतं," मी म्हटलं.

तिने माझं मनगट धरलं, वणाच्या जागीच धरलं, आणि दुसऱ्या हाताने बांगड्या पाण्यात सोडल्या. "घे," ती दर्याला म्हणाली. "ह्या बी घे आता." मी ओक्साबोक्शी रडले. नवऱ्यासाठी मी तशी रडलेच नव्हते. ती रडत नव्हती, मलाच धरून उभी होती.

ते नाटक आम्ही पुन्हा केलं नाही. साचेवाल्याला दोन ठिकाणांहून विचारणा झाली, त्याने नाही सांगितलं. गणपती गेले, मंडप सुटला. आता तालीम नाही, तेव्हा खोलीत जायचं कारणच नव्हतं. शाळा सुटल्यावर मी ट्रामकडे निघाले होते, आणि मधेच वळून तो जिना चढले. वर आत्या बसला होता. "सहज आलो," म्हणाला. थोड्या वेळाने ती आली, रिकामी पाटी घेऊन, डावा हात मोकळा. म्हातारीही बरोबर होती. कुणी कुणाला काही विचारलं नाही. खाली डंख सुरू होते.

मग साचेवाला आला. पाळी संपवून आला होता, केसांत कापूस, घामाने निथळत. जिना चढता चढता त्याच्या तोंडून गेलं, "पाणी दे गो."

गेलं आणि तो दारातच थिजला. आत्याने डोळे मिटले. मला तर त्याची मुंडी मुरगाळावीशी वाटली. म्हातारीने भिंतीला हात टेकला.

ती उठली. माठाजवळ गेली, तोच पेला विसळला, भरला आणि त्याच्यापुढे धरला. त्याचा हात वर येईना.

"पी," ती म्हणाली. "ह्यो तुजा हाय."

तो प्यायला. मग आत्या म्हणाला, "मलाही दे." मग मी मागितलं, मग म्हातारीने. तिने सगळ्यांना त्याच पेल्याने पाणी दिलं, आणि माठ पालथा करून राहिलेलं स्वतः प्यायली.